बोरा मॅडमला कळवलंय

जालना जिल्ह्यात कुणी गोळ्या खाऊन बेशुद्ध पडलं, की त्याची खबर सगळ्यात आधी मला मिळायला हवी होती. सरकारनं मला त्यासाठीच नेमलं होतं. दवाखान्यांकडून आकडे गोळा करायचे, ते जुळवायचे आणि कुठं काय वाढतंय ते मोठ्या साहेबांना सांगायचं, हे माझं काम. दारावर माझ्या नावाची पाटी होती, टेबलावर संगणक होता. तरीही रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला फोन करून मी विचारावं, "काल एक पोरगा आणला म्हणे तुम्ही, मला का नाही कळवलं?" आणि त्यानं अगदी निष्पाप आवाजात म्हणावं, "बोरा मॅडमला कळवलंय की, साहेब." त्यांना सांगितलं म्हणजे साऱ्या सरकारला सांगितलं, अशी त्याची समजूत होती. त्याची एकट्याची नव्हे, अर्ध्या जिल्ह्याची होती.

मला त्यांचा हेवा वाटायचा. आडवळणानं सांगण्यात अर्थ नाही. चांगला पोटातून येणारा, खाल्लेलं पचू न देणारा हेवा.

सुशीला बोरा परतूरकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका ग्रामीण रुग्णालयात औषधनिर्मात्या होत्या. खिडकीमागं बसायचं, चिठ्ठी बघून गोळ्या द्यायच्या, साठा सांभाळायचा, एवढंच त्यांचं सरकारी काम. अंगानं भरलेल्या, कडक इस्त्रीची साडी, चष्म्याला सोनेरी साखळी आणि आवाज असा, की रांगेतल्या पहिल्या म्हातारीला सांगितलेलं पथ्य रांगेतला शेवटचा माणूसही पाळायला लागायचा. त्यांचे पूर्वज मारवाडातून कधीकाळी जालन्यात आले आणि धान्याच्या व्यापारात स्थिरावले. घरात त्या मारवाडी बोलत, बाहेर मात्र त्यांची मराठी ऐकून आपलीच मराठी उसनी आणल्यासारखी वाटायची.

त्या जैन, त्यामुळं सूर्य मावळायच्या आत जेवायच्या. यात तडजोड नाही. एकदा जिल्हाधिकाऱ्यांच्या दालनात बैठक लांबली. खिडकीतलं ऊन पिवळं व्हायला लागलं तशी बोरा मॅडमनी पिशवीतून डबा काढला आणि टेबलावर उघडला. मी मान खाली घातली, म्हटलं आता बाई गेल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुमची बैठक उद्याबी होईल. माझा सूर्य आजचाच हाय." आणि खाकऱ्याचा डबा त्यांच्यापुढं सरकवला. जिल्हाधिकाऱ्यांनी खाकरा उचलला, वर आंब्याचं लोणचंही मागून घेतलं. ज्या दालनाबाहेर एका सहीसाठी मी बाकड्यावर बसून पाय आखडून घेतले होते, त्या दालनात ही बाई जेवण वाढत होती. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, त्या काही लोणच्यातल्या नव्हत्या.

त्यांचा खरा जीव मात्र सोयरिकी जुळवण्यात होता. औषधाच्या खिडकीवर साखरेच्या गोळ्या देता देता त्या विचारायच्या, "तुमची धाकटी काय करती आता? नर्सिंग झालं? मंग सांगू का एक पोरगा, पाटबंधाऱ्यात हाय." सगळ्या जातींच्या सोयरिकी त्यांना तोंडपाठ. कुठल्या गावच्या मुली कुठं दिल्या, कोणत्या गावाशी कोणत्या गावाचं जुनं भांडण म्हणून तिकडं मुलगी देत नाहीत, कोणाचे मामा कुठले, हे सगळं त्यांच्या डोक्यात. तिऱ्हाईत माणूस भेटला की आडनाव, मग गाव, मग लगेच, "आई कुठली तुमची?" तीन प्रश्नांत तो माणूस त्यांच्या ओळखीचा निघायचा. आणि नम्रपणा औषधालाही नाही. "माझ्याशिवाय ह्या जिल्ह्याचं पान हलत न्हाई," असं त्या चारचौघांत म्हणायच्या. वाईट एवढंच, की ते खरं होतं.

तर त्या गोळ्यांची गोष्ट. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरवर राबणारी पोरं अंगदुखीच्या भारी गोळ्या खायला लागली होती. एक घेतली की शिणवटा जातो, झोप येत नाही. मग एकीनं भागत नाही. मग कधीतरी मूठभर. पोरगं निपचित पडायचं, श्वास मंदावायचा आणि दवाखान्यात आणणारे सांगायचे, "उन्हानं चक्कर आली." एका दवाखान्याला वाटायचं आपल्याकडं एखाददुसरा आलाय. रुग्णवाहिकेला आणखी काही माहीत असायचे, पोलिसांना वेगळेच. मेडिकलवाल्यांना कोणत्या गोळीची मागणी वाढली ते ठाऊक असायचं, पण ते कशाला बोलतील? काही पोरं मेली. त्यानंतर सगळ्यांनी मान्य केलं की काहीतरी करायला पाहिजे.

या सगळ्यांची माहिती एका तक्त्यात आणायची ही कल्पना माझी होती. हे इथं लिहून ठेवतो, कारण दुसरीकडं कुठंच ते लिहिलेलं सापडणार नाही. मी नमुना तयार केला. वय, लिंग, पत्ता, कोणती गोळी, किती वेळानं आणलं, काय उपचार केले. सगळ्यांना पत्रं पाठवली, स्मरणपत्रं पाठवली. उत्तरं वेळेवर आली आणि सगळीकडून एकच शब्द आला, निरंक. ज्या दवाखान्यात मी माझ्या डोळ्यांनी नळ्या लावलेला पोरगा पाहून आलो होतो, तिथूनही निरंक.

बोरा मॅडमला मात्र सगळं कळत होतं. एकदा त्यांनी आसपासच्या मेडिकलवाल्यांना रुग्णालयाच्या मागच्या खोलीत चहाला बोलावलं. "जाधवभाऊ, तुमीबी या. पण वही आणू नका आन् तोंड उघडू नका," असं मला बजावलं. मी कोपऱ्यात बसलो. आधी कोणाच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, मग कोणाच्या मुलाला अकरावीला कुठं घालायचं. माझी चुळबूळ चालली होती. चहाचा दुसरा कप झाल्यावर त्या सहज म्हणाल्या, "मला कोण विकतो ते सांगू नका. मला ते ऐकायचंच न्हाई. फक्त सांगा, कोणती गोळी लोकं नाव घेऊन मागून राह्यले?"

मग एक वयस्कर मेडिकलवाले चहाच्या कपात बघत म्हणाले, "मॅडम, आमी चिठ्ठीबिगर देत न्हाई, तर पोरं हसतात. म्हणतात, राहू द्या काका, आमाला गाडीवरून मिळती. मोटरसायकलवर सुट्ट्या गोळ्या घेऊन एक जण फिरून राह्यलाय."

"कोणत्या बाजूला?"

"गोदाकाठाला. नाव न्हाई माहीत."

"नाव मी विचारलंच न्हाई," बोरा मॅडम म्हणाल्या आणि बिस्किटाची बशी पुढं केली. खोलीतून बाहेर पडताना त्यांनी माझ्याकडं विजयी नजरेनं पाहिलं. ती नजर मला अजून खुपते.

मी त्यांची नक्कल करून पाहिली, हेही सांगतो. एका मेडिकलमध्ये जाऊन, सरकारी गाडी लांब उभी करून, हसतमुखानं विचारलं, "काय मग, मुलगी काय करते तुमची?" दुकानदाराचा चेहरा पडला. "का साहेब? कोणी तक्रार केली का?" म्हणाला आणि घाईघाईनं परवान्याचा कागद दाखवायला लागला. परत येताना ड्रायव्हर आरशातून माझ्याकडं बघत होता. हसला नाही, पण त्याला हसू आलं होतं.

बोरा मॅडमनी लोकांना एकच शब्द दिला होता. नाव पुढं जाणार नाही. पोलिसांकडं नाही, गावात नाही, तक्त्यातसुद्धा नाही. त्या भरवशावर ड्रायव्हर सांगू लागले, नर्सबाई सांगू लागल्या, आणि त्यांच्या फोनवरून माझा तक्ता भरू लागला. त्या बोलायच्या, मी टाइप करायचो. जिल्ह्याचे आकडे सांभाळणारा अधिकारी मी, आणि काम कारकुनाचं. शिवाय त्या सगळीकडं सांगायच्या, "आमचा तक्ता." आमचा! कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते काय उगाच?

तक्ता भरला तसा मी नकाशा केला. जिथल्या पत्त्याचा पेशंट, तिथं लाल टिपका. नकाशा बघून मलाच माझं कौतुक वाटलं. टिपके स्पष्टपणे परतूर-आष्टीच्या बाजूला दाटलेले. आम्ही तिकडं पथकं पाठवली, शाळांतून व्याख्यानं दिली, दुकानं तपासली. हाती काही लागलं नाही. गावकरी म्हणायचे, "आमच्या गावात असलं कोणी खात न्हाई, साहेब." मी अहवालात लिहिलं की ग्रामस्थ सहकार्य करत नाहीत.

पुढच्या बैठकीत तो नकाशा भिंतीवर लावला होता. मोठे साहेब होते, बाकीचे डॉक्टर होते. बोरा मॅडम उशिरा आल्या, चष्मा सावरून नकाशासमोर उभ्या राहिल्या आणि खो खो हसायला लागल्या.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, हे तर सगळे मामे हाईत."

कुणालाच काही कळलं नाही. त्या माझ्याकडं वळल्या. "जाधवभाऊ, पोरगं गोळ्या खाऊन पडलं, तर आई काय करती?"

"दवाखान्यात नेते."

"कोणत्या?"

"जवळच्या."

"तुमच्या घरात लग्नाचं पोरगं न्हाई म्हणून जवळचा," त्या म्हणाल्या. "जवळच्या दवाखान्यात नेलं, तर सांजच्याला गावभर. पोराची सोयरीक गेली, पाठच्या बहिणीचीबी गेली. मंग ती माउली गाडी भावाच्या गावाला वळवती. मामा पोराला दवाखान्यात नेतो आन् पत्ता आपला सांगतो. तुमी मामाच्या दारात लाल टिपका लावून राह्यले. आजारी गाव दुसरंच हाय."

"कोणतं?" साहेबांनी विचारलं.

"त्या पट्ट्यातल्या मुली कुठं दिल्यात, ते बघा." त्यांनी माझ्या खिशातला पेन विचारल्याशिवाय काढून घेतला आणि एकेका टिपक्यापासून रेघ ओढायला सुरुवात केली. "हे गाव, ह्यांच्या मुली हितं. ह्यांच्याबी हितंच. ह्या घराण्याची फक्त एक तिकडं, बाकी साऱ्या हितं." रेघा सगळ्या गोदाकाठाला, त्याच पाच-सहा गावांत जाऊन पडल्या. मेडिकलवाल्यांनी सांगितलेली मोटरसायकल तिथंच फिरत होती. मी इतक्या मेहनतीनं काढलेला नकाशा रेघांनी भरला होता आणि आता तो जास्त बरोबर दिसत होता. आनंद व्हायला हवा होता. मला फक्त एवढंच वाटलं, हे मला का सुचलं नाही? माझी स्वतःची बहीण गोदाकाठाला दिलेली आहे. मी स्वतः मामा आहे.

मग प्रश्न आला उताऱ्याच्या इंजेक्शनचा. या गोळ्यांनी श्वास थांबायला आला, की ते इंजेक्शन माणसाला परत आणतं. साठा थोडाच मिळाला होता. तो जालन्याच्या मोठ्या दवाखान्यात ठेवावा असं माझं म्हणणं होतं. तिथं तज्ज्ञ आहेत, शिवाय नियमानं तेच बरोबर. बोरा मॅडम म्हणाल्या, "गोदाकाठाहून मामाच्या गावाला जायचा रस्ता एकच हाय आन् तो माझ्या दवाखान्यावरून जातो. हितं ठेवा. नाव विचारलं जाणार न्हाई हे आयांना कळू द्या. गाडी हितंच थांबंल. पुढं जाईपर्यंत लेकरं दम सोडून राह्यले, साहेब."

मी म्हणालो, "सोयरिकीच्या गप्पांवर औषधाचा साठा ठरवायचा का?" आवाज जरा चढलाच माझा. आपल्याच रुग्णालयाला मागून घेतायत, असंही मी बोलून गेलो.

त्या चिडल्या नाहीत, याचाच मला जास्त राग आला. "गप्पा कसल्या? तुमचाच तक्ता हाय, भाऊ. मी फक्त आया कुठल्या ते सांगितलं."

साहेबांनी साठा त्यांच्याकडं पाठवला. माझ्या नमुन्यात एक रकाना वाढला, आईचं माहेर. गोळ्या विकणारा सापडला, गोदाकाठाला समुपदेशक जाऊ लागले आणि गाड्या खरोखरच त्या रस्त्यावरच्या रुग्णालयाशी थांबू लागल्या. दुसऱ्या जिल्ह्यांनी आमचा नमुना मागवून घेतला. वरच्या एका बैठकीत मोठ्या साहेबांनी त्याचं नामकरणही करून टाकलं, बोरा पॅटर्न. मी शेजारीच बसलो होतो. सगळे रकाने माझे, एक रकाना त्यांचा, आणि पॅटर्न बोरा. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग बरोबरच आहे की." त्या दिवशी मी जेवलो नाही.

त्यांची निवृत्ती जवळ आली तेव्हा मला मनातून हलकं वाटलं. आता फोन कुणाला करणार? मलाच. त्यांच्या माणसांना त्यांनीच सांगावं, की यापुढं जाधव साहेबांना कळवत जा, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्यावं म्हणून एका दुपारी मी त्यांच्या रुग्णालयात गेलो. औषधाची खिडकी बंद होती आणि रांग ताटकळली होती. असं कधी झालं नव्हतं. शिपाई म्हणाला, "मॅडम आत हाईत, पेशंटपाशी."

वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बोरा मॅडम बसल्या होत्या. त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून एक बाई रडत होती. जवळ गेलो तेव्हा ओळखलं. ती माझी धाकटी बहीण. तिला इथं सुनीता म्हणतो, खरं नाव लिहीत नाही. दारातून आत खाटेवर माझा भाचा दिसत होता, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क.

"सुने, काय झालं?"

ती दचकली. डोळे पुसले, पदर सारखा केला आणि साहेब आल्यावर उठतात तशी उठून उभी राहिली. "दादा, तू कशाला आला?"

बोरा मॅडमनी माझा दंड धरला आणि मला व्हरांड्याच्या टोकाला नेलं. "जिवाला धोका न्हाई आता. इंजेक्शन लागू पडलं. आणलं तवा श्वास थांबून थांबून येत व्हता. आता बराबर चालू हाय."

"कधीपासून खात होता?"

"ते त्याला विचारू, शुद्ध बराबर येऊ द्या."

"तिनं मला फोन का नाही केला?" मी विचारलं. "पोरगं मामाकडं नेतात, तुम्हीच सांगितलं होतं. मी आहे ना मामा. जालन्याची वाट सोडून ही इकडं उलटी का आली?"

बोरा मॅडम म्हणाल्या, आणि त्यांना इतक्या हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो, "मीबी तेच विचारलं तिला. ती म्हनली, दादाला सांगितलं की तक्त्यात जाईल."

भाच्याची काळजी वाटत होती, बहिणीची कीव येत होती. हे सगळं होतंच. पण त्या सगळ्याच्या वर जे आलं, तो हेवा होता. आत्तापर्यंतचा सगळा हेवा त्यापुढं पोरखेळ होता. खाकरा, पॅटर्न, मेडिकलवाले, सगळं त्यांनी खुशाल न्यावं. पण माझ्या आईच्या पोटची पोर, जी लहानपणी पायात काटा मोडला तरी आधी माझ्याकडं लंगडत यायची, ती या बाईच्या खांद्यावर रडत होती आणि मला पाहून उभी राहत होती.

"नियमानं मला हे कळवावं लागंल," त्या म्हणाल्या. "नाव न्हाई. घ्या लिहून."

मी मोबाइल काढला. त्यांनी वय सांगितलं, गाव सांगितलं, गोळी सांगितली. मग थांबल्या. आईचं माहेर हा शेवटचा रकाना त्यांनी सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. आमचं मूळ गाव धावडा. मी ते टाइप केलं.

"आता तुमी जा, भाऊ. सांजच्याला तिला फोन करा. सांगंल तर ऐका. न्हाई सांगितलं तर विचारू नका." एवढं बोलून त्या वळल्या. दरवाज्यातून मी मागं पाहिलं, तर सुनीता पुन्हा त्यांच्याजवळ बसून हात हलवून काहीतरी सांगत होती आणि बोरा मॅडम एक शब्दही न बोलता ऐकत होत्या. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. निरोप समारंभाला गेलो नाही. त्या लेकीकडं पुण्याला गेल्या असं कळलं.

रुग्णालयातून आलो त्याच संध्याकाळी मी सुनीताला फोन केला. म्हटलं, "काय चाललंय?"

"काही न्हाई दादा, घरीच हाय," ती म्हणाली, जणू दुपारी मी तिला दवाखान्यात पाहिलंच नव्हतं. "सगळे बरे हाईत. पोरगं कॉलेजातून आलं आत्ताच."

तिच्या मागून बोरा मॅडमचा आवाज आला, "सुनीता, बाळा, आधी दोन घास खाऊन घे, मंग बस त्याच्यापाशी."

तिला कळलं होतं की मला ऐकू आलं.

मी म्हटलं, "बरं. जेव मग."